राईतला पातेरा राईतच राहू द्या: देवरायांच्या राखणदारांना खुले पत्र

प्रति,
कोकण आणि गोव्यातल्या देवरायांचे मानकरी, देवस्थान समित्या, गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि वन विभागाचे बीटवरचे कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

शिमगा उरकला की राया झाडायला घेतल्या जातात. देवळासमोरचे अंगण आणि पायवाट झाडली तर कुणाचीच हरकत नाही. पण अलीकडे खराट्याची हद्द वाढत वाढत राईच्या पोटात शिरली आहे. श्रमदानाचा दिवस ठरतो, वाडीवाडीतून माणसे येतात, पातेऱ्याचे, म्हणजे गळून साठलेल्या पालापाचोळ्याचे, ढीग लागतात, ढिगांना काडी लागते आणि संध्याकाळी राई लख्ख दिसते. माणसे कमी पडली तर पाठीवरचा ब्लोअर येतो. जळायचा राहिलेला पातेरा राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, किंवा काजू-आंब्याच्या आळ्यांसाठी हाऱ्यांतून बाहेर जातो. हे सगळे श्रद्धेने आणि घाम गाळून होते, हे आम्ही जाणतो. तरीही आमची हात जोडून विनंती आहे: अंगण आणि पायवाट सोडून राईतला पातेरा आणि राईत पडलेला ओंडका, या दोहोंना यंदापासून हात लावू नका.

या विनंतीमागे आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, काही जाती आहेत. त्यांना पान नाही, हिरवा रंग नाही. वर्षातले अकरा-साडेअकरा महिने त्या जमिनीखाली असतात, आणि वर येतात तेव्हा पाहणाऱ्याला वाटते एखादी फिकट अळंबीच उगवली आहे. पश्चिम घाटातल्या दमट, दाट सावलीच्या रानांतून त्यांच्या नोंदी आहेत. अशी सावली आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि त्यांतली बरीच ठिकाणे तुमच्या राखणीत आहेत. प्रत्येक राईत अशी आमरी असेलच असे नाही. पण जिथे ती आहे, तिथे खराटा तिच्या वर्षभराच्या शिदोरीवरून फिरतो.

एपिपोजियम रोझियम ही त्यांतली ओळखायला सोपी. वळवाचे दोन-चार पाऊस झाले की एके ठिकाणी पातेरा आतून किंचित उचलल्यासारखा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यातून हस्तिदंती रंगाचा, मान खाली घातलेला कोंब बाहेर येतो. दांडा पोकळ, पाणीदार आणि इतका ठिसूळ की बोटाच्या धक्क्याने मोडावा. उंची वीतभरापासून हातभरापर्यंत. पानांच्या जागी दांड्याला चिकटलेले कागदासारखे पातळ खवले. फुले जेमतेम सेंटिमीटरभराची, झुकलेली, अर्धवटच उघडणारी. रंग पांढुरका, आत जांभळट ठिपके. फूल उघडते तेव्हा त्यामागचा बीजकोश फुगायलाही लागलेला असतो, कारण बहुतेक फुलांत पराग त्याच फुलातल्या त्याच फुलात लागतो. मग बोंडे तडकतात, धुळीसारखे बी उडते, दांडा काळा पडून विरतो. दोन-तीन आठवड्यांत सगळा खेळ संपतो. खाली उरतो तो बोरापासून लहान बटाट्याएवढा, कड्याकड्यांचा कंद. त्याला मुळेसुद्धा नसतात.

दुसरी ॲफिलॉर्किस मॉन्टाना. ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात वर येते. तिचा दांडा सडसडीत, जांभळट-तपकिरी रेघांचा, कधीकधी कमरेपर्यंत उंच. फुले फिकट पिवळी. वाळकी काठी कुणी मातीत खोचून ठेवली असावी अशी ती लांबून दिसते आणि नेमकी पायाखाली जाते. तिसरी डिडिमोप्लेक्सिस पॅलेन्स, बांबूच्या बेटांखालच्या कुजक्या पानांत येणारी, बोटभर उंचीची. तिचे फूल जेमतेम एखादा दिवस टिकते. तिची एक गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. फूल पातेऱ्याच्या अगदी लगत असते, पण फळ धरले की त्या फळाचाच देठ वाढू लागतो आणि वीतभर किंवा त्याहून लांब होतो. बोंड पातेऱ्याच्या वर, वाऱ्याला लागेल अशा उंचीवर गेले म्हणजे मगच तडकते. फूल दिसले नाही तरी हे ताठ उभे देठ दिसतात, म्हणून बांबूच्या बेटात शोधताना नजर देठांवर ठेवावी.

इथे दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला नर्विलियाचा. हिचेही फूल पहिल्या पावसात बिनपानाचेच येते, पण फूल गेल्यावर त्याच कंदातून एक गोलसर हिरवे पान निघते आणि पावसाळाभर जमिनीलगत राहते. जूनमध्ये बिनपानाचे फूल दिसले तर जुलैअखेर त्याच जागी पुन्हा जाऊन पान आले का हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. दुसरा घोटाळा एजिनेशिया, बॅलॅनोफोरा अशा वनस्पतींचा. त्याही बिनपानाच्या, पण त्या आमरी नव्हेत. त्या दुसऱ्या झाडाच्या किंवा गवताच्या मुळाला थेट तोंड लावून रस घेतात.

आता पान नाही, कधी मूळही नाही, तर ही आमरी जगते कशावर? पाठ्यपुस्तकांत अशा वनस्पतींना 'मृतोपजीवी' म्हटलेले आढळते आणि त्यावरून समज होतो की ती कुजका पाला स्वतः पचवते. कोणत्याही फुलझाडाला ते जमत नाही. लाकडातले सेल्युलोज आणि लिग्निन फोडणारी विकरे बुरशीकडे असतात. बुरशीचे पांढरे तंतू पातेऱ्यात आणि ओंडक्यात पसरतात, अन्न विरघळवून घेतात, आणि त्यांतले काही तंतू आमरीच्या कंदात शिरतात. कंदाच्या पेशींमध्ये ते सुताच्या लडीसारखी वेटोळी करतात. आमरी ती वेटोळी पचवते. तिचे सगळे अन्न, साखरेपासून नत्र-स्फुरदापर्यंत, या वाटेने येते. मृतोपजीवी म्हणायचेच तर त्या बुरशीला म्हणावे लागेल. आमरी बुरशीवर जगणारी आहे.

खरे तर प्रत्येक आमरीची सुरुवात अशीच होते. तुमच्या आंब्या-फणसावर लोंबणाऱ्या सीतेच्या वेणीच्या बियांतही अन्नाचा साठा नसतो. बुरशी आत शिरली तरच बी रुजते. पुढे पान फुटले की ती आपले आपण कमावू लागते. बिनपानाच्या जातींनी ती पायरी सोडून दिली. हिरव्या झाडाच्या हरितलवकात साधारण दीड लाख अक्षरांचा जनुकसंच असतो. एपिपोजियम रोझियममध्ये त्यातली सुमारे १९ हजारच उरली आहेत. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा तिच्यातून कायमची गेलेली आहे. बुरशी उपाशी राहिली तर तिच्याकडे दुसरा मार्ग नाही.

या बुरशीही दोन तऱ्हांच्या असतात आणि तुमच्या कामाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. एपिपोजियम रोझियमचे नाते पातेरा आणि लाकूड कुजवणाऱ्या, पावसाळ्यात नाजूक, लवकर विरघळणाऱ्या छत्र्या काढणाऱ्या बुरशींशी आहे. युलोफिया झोलिंगेरी ही आणखी एक बिनपानाची आमरीही त्याच गटातल्या बुरशीवर जगते. अशा जातींचे नशीब थेट पातेऱ्याशी आणि ओंडक्याशी बांधलेले आहे. ॲफिलॉर्किस मॉन्टानाची गोष्ट निराळी. थायलंडच्या जंगलांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या मुळांत ज्या बुरशी सापडल्या, त्या जिवंत झाडांच्या मुळांना वेढून राहणाऱ्या होत्या. साल वृक्षाच्या कुळातली झाडे त्या बुरशींना साखर देतात, बुरशी त्या झाडांना पाणी आणि खनिजे देतात, आणि मधल्या मध्ये आमरी आपला वाटा घेते. तिथे पातेरा शाबूत ठेवला पण झाड तोडले, तर पुरवठा मुळातच तुटतो. ओंडका वाचवणे आणि उभे झाड वाचवणे, ही म्हणूनच एकाच कामाची दोन टोके आहेत.

ओंडक्याबद्दल जरा जास्त सांगायला हवे, कारण पातेरा एकवेळ लोक राहू देतात, पण पडलेले लाकूड 'वाया जाते' असे वाटून उचलले जाते. १९५०-६०च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला रेडिओकार्बन एकदम वाढला आणि पुढे दरवर्षी उतरत गेला. त्यामुळे लाकूड ज्या काळात वाढले त्या काळाची खूण त्याच्या कार्बनमध्ये राहते. जपानमधल्या कोबे विद्यापीठाचे केन्जी सुएत्सुगु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हीच खूण बिनपानाच्या आमरींत तपासली. काही जातींच्या अंगातला कार्बन आजच्या हवेतला नव्हता, कित्येक वर्षांपूर्वी झाडाने लाकडात साठवलेला होता. म्हणजे आज पातेऱ्यातून डोके वर काढणारा कोंब कधीकाळी कोसळलेल्या झाडाच्या लाकडावर उभा असतो. यंदा उचललेल्या ओंडक्याची झळ यंदाच दिसेल असे नाही. ती पुढची कित्येक वर्षे लागत राहते.

पातेऱ्याचे गणित मात्र वर्षाचे आहे. उष्ण प्रदेशातल्या दाट रानात एका हेक्टरवर वर्षाला साधारण ५ ते १० टन वाळका पालापाचोळा पडतो. आपल्याकडे त्यातला मोठा भाग जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत खाली येतो. जून ते सप्टेंबरमध्ये तो कुजतो आणि ऑक्टोबरमध्ये पाहाल तर अनेक ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटरचाच थर उरलेला असतो. आता तुमच्या कामांचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. राबाची भाजावळ फेब्रुवारी ते एप्रिल, शिमगा फाल्गुनात, पावसाआधीची साफसफाई मेमध्ये. पातेरा जास्तीत जास्त जमतो त्याच महिन्यांत तो काढला जातो, आणि एपिपोजियमचे कोंब पातेऱ्याखाली फुगत असतात तेव्हाच वरून खराटा फिरतो. खराट्याचे काडे दोन-तीन सेंटिमीटर मातीतही घासतात. बुरशीचे जाळे सर्वांत दाट असते ते नेमके त्याच थरात, जिथे अर्धवट कुजलेले पान मातीला चिकटलेले असते.

आता काय करावे ते सांगतो.

देवळाचे अंगण पूर्वीसारखेच झाडा. पायवाट मीटरभर रुंद पुरते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने थांबावे. झाडलेली पाने जाळू नका, वाटेच्या दोन्ही बाजूंना हाताने पसरून टाका. ढीग करू नका. ढिगात मधला भाग तापतो, खालचा हवेविना सडतो आणि त्याखालचे तंतू मरतात. जुन्या थरावर चार बोटांपेक्षा जास्त नवा थर एका जागी येणार नाही एवढे पाहिले की झाले. ब्लोअर राईत नकोच. तो वरचे वाळके पान उडवून थांबत नाही, खालचा ओलसर भुगाही उचलतो आणि एका दुपारी सगळी जमीन उघडी करून टाकतो.

पडलेल्या झाडाचा वाट अडवणारा तुकडा तेवढा कापा आणि जवळच्या जवळ बाजूला लोळवा. ओढत नेऊ नका. ओढताना मातीवर चर पडतो आणि पहिल्या पावसात तिथून पाणी वाहू लागते. ओंडका जमिनीला टेकलेला हवा. दगडावर अधांतरी ठेवलेले लाकूड वरून वाळते, त्यात ओल टिकत नाही आणि ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. मनगटापेक्षा जाड फांदी सरपणासाठी जाणार नाही एवढा नियम तरी सगळ्यांना सांगून ठेवा. ओंडक्याखाली काय आहे हे पाहायला तो उलटू नका. एकदा उलटला की खालची ओली बाजू उन्हाला लागते, आणि परत तसाच ठेवला तरी तुटलेले तंतू जागच्या जागी जुळत नाहीत.

राबाचा प्रश्न खरा आहे. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर शेण, कवळ, गवत, पातेरा असे थर रचून भाजणे ही कोकणातली जुनी पद्धत आहे आणि त्यासाठी पातेरा लागतो. तो शेताच्या बांधावरून, काजूच्या बागेतून, गावाच्या माळावरून घ्यावा; राईतून नको. एखाद्या वाडीला दुसरीकडून पुरेसा मिळतच नसेल तर समितीने राईच्या बाहेरची कड, सर्वांत बाहेरच्या झाडांच्या ओळीबाहेरची, त्यासाठी नेमून द्यावी आणि आतला भाग पूर्ण बंद ठेवावा. सगळीकडून थोडा थोडा घेऊ म्हटले की सगळीकडचा थर पातळ होतो आणि कुठेच धड राहत नाही.

वणव्याची भीती बोलून दाखवली जाते आणि ती रास्त आहे. जाड पातेरा म्हणजे जळण, हे खरेच. पण सदाहरित राईच्या आतल्या सावलीत खालचा थर मार्चमध्येही दमट असतो. आग येते ती कडेच्या गवताळ पट्ट्यातून. म्हणून जाळरेषा राईच्या बाहेर काढा, कडेपासून निदान ३ मीटर रुंदीची, फेब्रुवारी संपायच्या आत. तिच्यातले गवत कापून उचला आणि राबाला वापरा. तिथला पातेराही तुमच्या कामाला येईल. जाळरेषेतला कचरा राईच्या आत लोटू नका, नाहीतर आगीला आपणच वाट करून देतो. बीटवरच्या वनरक्षकांना विशेष विनंती: नियंत्रित जाळणी करायची असेल तर राईच्या कडेला वाऱ्याची दिशा राईकडून बाहेर असतानाच करावी आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत माणूस तिथे ठेवावा. राईत आग एकदा फिरली की कंद मातीत वाचेलही, पण त्याला जगवणारा वरचा थर जळून गेलेला असतो. पावसाळ्यात कोंब आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

बांधकामाबद्दल थोडक्यात. पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचा चौथरा, राईभोवती पायासह बांधलेली भिंत, यांतले काहीही झाडांच्या मुळांना तोडते आणि पाण्याची वाट बदलते. सुशोभीकरणाचा निधी आलाच तर तो अंगणापुरता ठेवा. जेसीबी राईत शिरू देऊ नका. वृक्षारोपणाचे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डेही राईत नकोत. एका खड्ड्यात कित्येक वर्षांचे जाळे उपसून निघते. पडलेल्या झाडाची मोकळी जागा राई आपली आपण भरते.

एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही, ती म्हणजे बोर्डो मिश्रण. सुपारीच्या कोळे रोगासाठी पावसाच्या तोंडावर १ टक्क्याचे मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, फवारले जाते. ते बुरशी मारण्यासाठीच असते, आणि तांबे मातीत साठून राहते. बाग राईला लागून असेल तर कडेच्या दोन ओळी वारा पडलेला असताना, राईकडे पाठ करून फवारा. पिंपे आणि पंप राईतल्या ओहोळात धुऊ नका. धुतलेले पाणी बागेतच मुरू द्या.

आणि कुणीही, कितीही प्रेमाने, ही आमरी खणून नेऊ नये. कंद मातीसकट उचलला, कुंडीत पातेऱ्याचे खत भरले, सावलीत ठेवला, तरी तो काळा पडून सडतो, कारण सोबत आलेल्या मूठभर मातीतल्या तंतूंमागे ना ओंडका असतो ना झाड. जपानमध्ये एपिपोजियम रोझियम बियांपासून फुलापर्यंत कुंडीत वाढवण्यात आली आणि ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्यासाठी आधी तिची बुरशी वेगळी काढून प्रयोगशाळेत वाढवावी लागली. चीनमध्ये गॅस्ट्रोडिया इलाटा या बिनपानाच्या आमरीचा कंद औषधासाठी पिकवतात. तिथे बी रुजवायला एक बुरशी आणि कंद पोसायला दुसरी, अशा दोन बुरशी लाकडाच्या ओंडक्यांवर सांभाळाव्या लागतात. वारुळावरची अळंबी घरामागे लावता येत नाही हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते: वाळवीशिवाय ती नाही. ही आमरीही तशीच समजा. सगळ्या आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. पण या जातींना विकत घेऊन काही उपयोग नाही, हे सांगितले तरी बरेच हात थांबतील.

नोंद ठेवणे मात्र तुम्हालाच जमण्यासारखे आहे, बाहेरच्या अभ्यासकाला नाही. बाहेरचा माणूस ठरवून येतो तेव्हा कोंब आलेला नसतो किंवा विरलेला असतो. पहिला चांगला वळीव झाला की त्यानंतर दर ५ ते ७ दिवसांनी एक, अशा चार फेऱ्या घाला, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणखी दोन. दोघांनीच जावे, एकामागे एक, ठरलेल्या वाटेने. एक कोंब दिसला की जागच्या जागी थांबा. त्याच्याभोवती न उगवलेले कोंब पातेऱ्याखाली असतात आणि जवळून फोटो काढण्याच्या नादात गुडघ्याखाली नेमके तेच चिरडले जातात. दीड मीटरवरून पाहा. जवळ जायचेच तर दगडावर किंवा उघड्या मुळावर पाय ठेवा.

वहीत लिहायचे ते एवढे: तारीख, दांडे किती, त्यांत कळीचे किती, फुलाचे किती, बोंडाचे किती, सर्वांत जवळचे मोठे झाड कोणते आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, त्याचा घेर किती. दोन मीटरच्या आत पडके लाकूड आहे का. आणि पातेऱ्याची जाडी. जाडी मोजायला शाळेतली पट्टी पुरे. ती सरळ खाली दाबा, माती लागली की वाचा. दहा-दहा पावलांवर पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. हेच मोजमाप दर मेमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये एकदा केले तर तीन वर्षांत तुमच्या राईची तब्येत तुमच्याच हाताने लिहिलेली तुमच्यासमोर असेल. मेची जाडी पाच सेंटिमीटरच्या खाली येऊ लागली तर पातेरा कुठून तरी बाहेर जातो आहे असे समजून चौकशी करा.

फोटो तीन काढा: शेजारी मोजपट्टी ठेवून बाजूने संपूर्ण दांडा; फुलाचा समोरून जवळचा, आतले ठिपके दिसतील असा; आणि आजूबाजूची जागा. फ्लॅश टाळा, कारण फिकट फूल त्यात पांढरे फक्क पडते आणि ओळख पटवायचे तपशील पुसले जातात. दांड्याचा बुंधा दिसावा म्हणून पातेरा बाजूला सारू नका. नमुना गोळा करायचा तर परवानगी असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञानेच, आणि दांडे वीसहून जास्त असतील तरच एक. तोही कंदाशिवाय, आणि फुले ७० टक्के अल्कोहोलमध्ये. वर्तमानपत्रात दाबली की ती काळी पडतात आणि ओळखीला निरुपयोगी ठरतात. जागेची नेमकी खूण समाजमाध्यमांवर टाकू नका. जैवविविधता कायदा २००२ नुसार तुमची लोक जैवविविधता नोंदवही असतेच. तिच्यात जातीची नोंद करा आणि नेमकी जागा समितीपुरती वेगळी ठेवा.

एखाद्या वर्षी काहीच दिसले नाही तर राई रिकामी झाली असे धरू नका. कंदात साठा पुरेसा नसेल तर कोंब येतच नाही, आणि कंद मात्र खाली जिवंत असतो. एपिपोजियमचीच युरोपातली बहीण, एपिपोजियम ॲफिलम, ब्रिटनमध्ये १९८६ नंतर कुणाला दिसली नव्हती. २००५ मध्ये ती तिथून नामशेष झाल्याचे मानले गेले. २००९ मध्ये तिचा एक दांडा पुन्हा दिसला. मधल्या काळात ते रान कुणी तोडले असते तर 'तसेही तिथे काही उरले नव्हते' हे कारण सगळ्यांना पटले असते.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या राया शास्त्रज्ञांच्या नकाशावर आहेत. पण त्यांच्या कितीतरी आधीपासून अनेक गावांत नियम होता: राईतली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. उभे झाड तोडू नये हे कुणालाही सुचेल; वाळक्या काडीलाही हात लावू नये हे सुचायला रानाकडे फार बारकाईने पाहिलेले असावे लागते. बिनपानाच्या आमरीसाठी आज आम्ही जे मागतो आहोत, ते त्या नियमात आधीच आहे. ज्या गावांत तो अजून पाळला जातो त्यांना आम्ही नवे काही सांगत नाही. जिथे तो स्वच्छतेच्या नावाखाली सुटला, तिथे तो परत धरावा. कौल लावून विचारायची पद्धत असेल तर तसे विचारून धरावा.

तुमच्या पुढच्या बैठकीत, शिमग्याच्या आधी, एक ठराव घ्या. मसुदा आम्ही देतो, गावाप्रमाणे बदलून घ्या: "देवळाचे अंगण व १ मीटर रुंदीची पायवाट वगळता राईतील पातेरा, वाळक्या फांद्या व पडलेली झाडे कोणीही झाडणार, जाळणार किंवा बाहेर नेणार नाही. पायवाटेवर आडवे आलेले लाकूड तेवढे कापून राईतच बाजूला ठेवले जाईल. जाळरेषा राईच्या हद्दीबाहेर, फेब्रुवारीअखेर, वन विभागाच्या सहकार्याने काढली जाईल. राईत ब्लोअर, जेसीबी व वृक्षारोपणाचे खड्डे यांना मनाई राहील. पावसाळ्यात राईची नोंद ठेवण्यासाठी दोन व्यक्ती नेमल्या जातील." ठरावाची एक प्रत वनरक्षकाकडे द्या, एक देवळाच्या फलकावर लावा, आणि श्रमदानाला बाहेरगावाहून येणाऱ्या मंडळांना आदल्या आठवड्यातच पाठवून ठेवा; खराटे घेऊन माणसे दारात उभी राहिल्यावर नाही म्हणणे कुणालाच जमत नाही.

आपले,
सह्याद्रीतल्या आमरींचा अभ्यास करणारे काही जण